आधी नवऱ्याची तपासणी

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेणीत हारितीची मूर्ती आहे. लेकरांची राखण करणारी ही देवी. तिच्या मांडीवर मूल, बैठकीखाली पोरांची रांग. पण ती एकटी नाही, शेजारी तिचा नवरा पांचिक बसला आहे. पंधराशे वर्षांपूर्वी वाघूरकाठच्या शिल्पकारांनी संततीचं दैवत घडवलं ते जोडीनं. आज त्याच डोंगराच्या आसपासच्या गावांत मूल होत नसलं की जाब द्यायला एकट्या बाईला उभं करतात.

लग्नाला दोन वर्षं झाली की सुरुवात होते. आधी नवस, उपास, भगताचा अंगारा. मग तालुक्याचा डॉक्टर, सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, दुर्बिणीचं ऑपरेशन. सिल्लोडच्या दवाखान्यात अशी एखादी सून मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेली असते. पिशवीत चार-पाच वर्षांचे रिपोर्ट, घड्यांवर फाटलेले. सगळ्या कागदांवर तिचंच नाव. नवऱ्याच्या नावाची चिठ्ठीसुद्धा सापडत नाही. आणि गावात बारसं असलं की हिला बोलावणं नाही, डोहाळजेवणात ओटी भरायला हिचा हात नको.

वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. ते शोधण्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त. सुई नाही, भूल नाही, कापाकापी नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा आणि वीर्याचा नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये किमान 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि त्यांतले 42 टक्के हलणारे, ही खालची मर्यादा. मृगाआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजणारा आपला शेतकरी स्वतःचा नमुना द्यायला मात्र तयार होत नाही. त्याला वाटतं, मर्दानगीवर डाग लागेल. शरीरसंबंध जमणं वेगळं आणि शुक्राणू निरोगी असणं वेगळं, एवढं साधं ज्ञान आपण पोरांना कधी दिलंच नाही.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. साध्या तपासणीत संख्या दिसते, हालचाल दिसते. बापाकडून बाळाला जाणारा डीएनए शाबूत आहे की तुटलेला, ते दिसत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी आहे. तिच्या एका प्रकारात शुक्राणू जेलमध्ये बसवून त्यांवर आम्लाची प्रक्रिया करतात. डीएनए धड असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याभोवती मोठं वलय पसरतं. तुटलेला असेल तर वलय इवलंसं उमटतं किंवा उमटतच नाही. दुसऱ्या एका पद्धतीत असे तुटके शुक्राणू 30 टक्क्यांच्या वर गेले की प्रमाण जास्त मानतात. विडी-सिगारेट, अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, वाढतं वय, मोठा ताप, सततची उष्णता यांनी हे प्रमाण वाढू शकतं.

परिपक्व शुक्राणूला स्वतःचा तुटलेला डीएनए सांधता येत नाही. गर्भ धरताना ते काम स्त्रीबीज करतं, जमेल तितकं. नवऱ्याची मोडतोड बायकोच्या देहात दुरुस्त होते. आणि नुकसान तिच्या आवाक्याबाहेरचं असलं, गर्भ गळाला, की आपण म्हणतो, ‘हिच्या पोटात टिकतच नाही.’ वारंवार होणाऱ्या गर्भपाताशी या तुटक्या डीएनएचा संबंध आढळला आहे. दोन-तीनदा गर्भ गमावलेल्या बाईला पायगुण विचारणाऱ्या घरानं तिच्या नवऱ्याला एकदा तरी तपासणीचं विचारलं का?

डीएनएची ही चाचणी सरसकट सगळ्यांना लागत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्था पहिल्याच तपासणीत ती करू नका म्हणतात. वारंवार गर्भपात होत असतील तिथे तिचा विचार करायला सांगतात. गरज नसताना ती प्रत्येकाच्या गळ्यात मारणारे दवाखाने म्हणजे दुःखाचा बाजार मांडणारे. पण दोष सापडला तर काही वेळा उपायही असतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, म्हणून आज विडी सोडली तर फरक पडला की नाही ते तीनेक महिन्यांनी पाहता येतं. तेवढे महिने द्यायची नवऱ्याची तयारी नाही, आणि बायकोची मात्र वर्षं जातात.

जोतीराव फुल्यांना मूल नव्हतं. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला. त्यांनी तो धुडकावला आणि सावित्रीबाईंसह काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तेव्हा यातली एकही चाचणी नव्हती. आपल्याकडे आहेत, शिवाय मूल होण्याचं आमिष दाखवून बाईचा देह लुटणाऱ्या बाबांविरुद्ध 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तरीही सून बाबाकडे पाठवली जाते आणि मुलगा घरी बसतो.

माझा आरोप सासवांवर आहे, नवऱ्यांवर आहे आणि सर्वांत जास्त डॉक्टरांवर, कारण ते जाणतात. डॉक्टर, ती एकटी आली तर तिला सांगा, पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन ये. त्याचा रिपोर्ट टेबलावर आल्याशिवाय तिच्या पोटाला दुर्बीण लावू नका.