अर्नाळ्याला निवांत जा

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आठवडाभर पाळ्या करणाऱ्यांनी सुट्टीसाठी गोवाच गाठायला हवा, असे थोडेच आहे? डहाणू लोकलने विरार, तिथून बसने अर्नाळा आणि पुढे होडी. वैतरणेच्या मुखाशी बेट हजर!

इथला किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. नक्षीदार महाद्वार निरखावे, त्र्यंबकेश्वराच्या देवळाजवळचे गोड्या पाण्याचे अष्टकोनी टाके पाहावे, तटावरून रमतगमत फेरी मारावी. बघण्यासारखे एवढेच, आणि तेच पुरेसे आहे.

मात्र हे रिसॉर्ट नव्हे, कोळ्यांचे नांदते गाव आहे. मासळी वाळते तिथे बाटल्या फोडणे पाहुण्यांना शोभत नाही. परतीच्या होडीची वेळ आधीच विचारून ठेवावी आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत न्यावा.