घाम ज्याचा, आकडा त्याचा

एका व्यवस्थापनतज्ज्ञांनी लोअर परळच्या काचेरी कचेऱ्यांसाठी नवा उपाय काढला आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मनगटावर ताण मोजणारे घड्याळ बांधायचे. माणूस खोटे बोलतो, शरीर बोलत नाही. म्हणून नाडी आणि घाम पाहिला की कोण वैतागलाय, कोण बिथरलाय, कोण राजीनाम्याच्या बेतात आहे, हे साहेबाला खुर्चीतून न उठता कळेल. एवढाच युक्तिवाद. त्यात दोन आलेखही होते. ते मी गाळले, वाचकांचे नुकसान नाही.

घामापासूनच सुरुवात करू, कारण तिथेच तज्ज्ञांचा गृहपाठ कच्चा आहे. भावना उसळली की अनुकंपी चेतासंस्था घर्मग्रंथींना चेतवते आणि त्वचेतून वीज सहज वाहू लागते. फ्रान्समध्ये फेरे यांनी हे 1888 मध्येच नोंदवले. पण हा भावनेचा घाम मुख्यतः तळहात-तळपायांवर येतो. म्हणूनच प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड बोटांना लावतात आणि खोलीचे तापमान सांभाळतात. मनगटावरचा घाम बराचसा उकाड्याचा. आता मे महिन्यात दादरचा पूल चढून-उतरून, फुलबाजारातल्या गर्दीतून वाट काढत कामावर पोचलेल्या बाईंचे मनगट घ्या. घड्याळ म्हणणार, बाई अस्वस्थ आहेत. बाई म्हणणार, अहो, पंखा लावा! यात खोटे कोण बोलले? तज्ज्ञांच्या कचेरीत वातानुकूलन असावे. मुंबईला ते नाही. बरे, घाम पुसून नाडीकडे वळावे, तर ती जिना चढल्यानेही धावते, कडक चहानेही आणि तापानेही. लालबागमध्ये गणपतीच्या आगमनाचा ताशा कडाडला की ठोके वाढतात. घर खाली करण्याची नोटीस हातात पडली तरी वाढतात. यंत्राला खळबळ कळते. ती कशाची, हे माणसालाच विचारावे लागते आणि नेमके तेवढेच तज्ज्ञांना टाळायचे आहे.

दुसरा आक्षेप एका ओळीचा: ताण कळला तरी कामाचे तास घड्याळ कमी करत नाही.

तिसरा कायद्याचा. लाय डिटेक्टर, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी बजावले. खुनाच्या संशयिताला जे संरक्षण आहे, ते हिशेबनिसाला नको?

याच विषयावर पूर्वी एका अध्यात्मवादी गृहस्थांशी माझे कडाक्याचे वाजले होते. ध्यान यंत्राने मोजणे हा त्यांना अपमान वाटे, सुईला समाधी काय कळणार म्हणत. त्यांना आणि या तज्ज्ञांना गिरगावातल्या एका टेबलावर बसवून मिसळ खायला घालावी. एकाला आकड्याचा विटाळ, दुसऱ्याला आकड्याचा देव्हारा. रोग्याकडे पाहायला सवड दोघांनाही नाही.

ती सवड परळच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. के. के. दाते यांना होती. 1969 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह शवासनावरचा निबंध ‘अँजिऑलॉजी’त छापला. उच्च रक्तदाबाचे 47 रुग्ण; औषध न घेणाऱ्यांच्या गटाचा सरासरी धमनीदाब 134 वरून 107 वर आला. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही उणीव आहेच. पुढे लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी योग आणि त्वचेच्या विद्युत्-रोधाचे यंत्र एकत्र वापरले आणि 1975 मध्ये 34 रुग्णांवरची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. दाते स्वतःही पुढे बायोफीडबॅककडे वळले. या पद्धतीत यंत्राचा इशारा रुग्णाला स्वतःला मिळतो. श्वास मंदावला, अंग सैल सोडले की तो बदलतो आणि रुग्ण त्यावरून शिकतो. वरचा साहेब मध्ये नसतोच.

मग मोजा, जरूर मोजा. आकडा मात्र ज्याच्या अंगातून निघाला त्याच्या हाती द्या; त्याला वाटले तर तो डॉक्टरला दाखवील. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात, कलम 7 मध्ये, नोकरीच्या कारणासाठी माहिती संमतीवाचून वापरण्याची मुभा मालकाला ठेवली आहे. शरीराचे संकेत त्या मुभेतून स्पष्ट शब्दांत वगळायला हवेत. तोवर तज्ज्ञांनी आपल्या संचालक मंडळाच्या मनगटांवर प्रयोग करावा, पगारवाढीच्या बैठकीत.