उंचीवरचे ‘पित्त’ आणि आपला दाखला

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. पावसाळा सुरू होताच तारकर्ली, देवबाग, मालवण येथील जलक्रीडाही थांबतात आणि निवास-न्याहारीची घरे रिकामी होतात. वर्षभर पाहुण्यांची सरबराई करणारा आमचा मालवणी माणूस अलीकडे याच दिवसांत स्वतः पर्यटक होऊन बाहेर पडू लागला आहे, आणि लडाखचा हंगामही नेमका हाच. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आमच्या चिकित्सालयांत दोन प्रकारचे लोक दिसू लागतात. एकास पदभ्रमणासाठी वा यात्रेसाठी ‘प्रकृती उत्तम’ असा दाखला हवा असतो. दुसरा म्हणतो, ‘थंय हवा पातळ असता म्हणतत, कायतरी औषध द्या.’ पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही कामे पाच मिनिटांत उरकली जातात. याविषयी वैद्यबंधूंशी व औषधालयांच्या चालकांशी काही स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या जिल्ह्यात आंबोली म्हणजे उंचीची परिसीमा. ती सुमारे ७०० मीटर. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. विरळ हवेमुळे होणारा विकार सर्वसाधारणपणे २५०० मीटरच्या वर उद्भवतो. अर्थात सह्याद्रीत कितीही गडकिल्ले चढले, तरी या विकाराची गाठ पडत नाही. रुग्णाची नाही आणि वैद्याचीही नाही. रांगणा, मनोहरगड दमल्याशिवाय चढणारा तरुण ‘मला काय होणार’ असे म्हणतो ते यामुळेच. परंतु छातीचा दम निराळा आणि उंचीशी जुळवून घेणे निराळे. लेह शहर सुमारे ३५०० मीटरवर आहे. तेथे हवेतील प्राणवायूचे प्रमाण किनाऱ्याइतकेच असते, पण हवेचा दाब आपल्याकडील दोनतृतीयांशच भरतो. खारदुंग ला ही खिंड ५३०० मीटरहून उंच. तेथे तो निम्म्याच्या आसपास येतो. तारकर्लीच्या पाणबुड्यांना हे समजावून सांगणे सोपे जाते. खोल पाण्यातून एकदम वर यावयाचे नसते, हे त्यांना शिकविलेले असते. कारण वेगळे असले, तरी दाब बदलताना शरीरास अवधी द्यावा लागतो, एवढे त्यांना चटकन पटते. पूर्वीचा यात्रेकरू पायी जात असल्याने हा अवधी आपोआप मिळे. आता मोप्याहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह असा विमानप्रवास केला, की काल समुद्राची गाज ऐकत निजलेला माणूस आज साडेतीन हजार मीटरवर उभा असतो.

यापुढचा धोका आम्हांस आपल्या बोलीतच दिसतो. डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना उडणे, भोवळ येणे, झोप न लागणे ही या विकाराची प्रारंभीची लक्षणे. या समुच्चयास आपल्याकडे एकच नाव आहे : पित्त. ‘प्रवासाचे पित्त उसळले’ असे रुग्ण स्वतःच निदान करतो आणि निघताना आपण बांधून दिलेली सूतशेखर, कामदुधा, शंखवटीची पुडी उघडतो. आमच्या परिचयातील एका मध्यमवयीन गृहस्थांनी लेहमध्ये दोन दिवस असेच केले. तिसऱ्या दिवशी मंडळींबरोबर ते पँगाँग सरोवरावर मुक्कामास गेले. ते सरोवर ४२०० मीटरहून उंच. रात्री त्यांना पडल्यापडल्या धाप लागली, खोकला सुटला. खाली न्यावे, तर लेहच्या वाटेवर ५३०० मीटरहून उंच चांग ला आडवी. म्हणजे उतरण्यासाठीही आधी चढावयाचे. जवळच्या लष्करी चौकीत प्राणवायू मिळाला म्हणून निभावले. सूतशेखराने त्यांचे काही बिघडविले नाही, हे खरे. पण ‘औषध चालू आहे’ या समाधानात दोन दिवस गेले आणि ते दोन दिवसच मोलाचे होते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, २५०० मीटरच्या वर गेलेल्या माणसाची डोकेदुखी व मळमळ दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उंचीचीच समजावी. त्या अवस्थेत आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, चाल मद्यप्यासारखी अडखळत असेल किंवा बोलण्यात असंबद्धता येत असेल, तर फुफ्फुसांत वा मेंदूत सूज आल्याचा संशय धरून प्राणवायू द्यावा व त्याच घटकेस खाली न्यावे. येथे कोणताही कल्प, भस्म वा आसव उपयोगाचा नाही. हे सांगताना आपल्या शास्त्रास कमीपणा येतो, असे आम्ही मानत नाही.

औषधालयांच्या चालकांस विशेष सांगावयाचे ते कापराविषयी. हंगामात कापराच्या पुरचुंड्या ‘ऑक्सिजन वाढविणारा उपाय’ म्हणून विकल्या जातात. कापूर हुंगल्याने नाकात गारवा वाटतो व श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही. भासामुळे माणूस निर्धास्त होऊन पुढे चढतो, हीच खरी हानी. लहान मुलांच्या हाती ती पुरचुंडी पडून कापूर पोटात गेला, तर झटके येऊ शकतात, हे वेगळेच. शिलाजतु, च्यवनप्राश किंवा अलीकडे बाटलीबंद मिळणारी लडाखची ‘सोलो’ ही वनस्पती उंचीचा विकार टाळते, असेही कोणी छातीठोकपणे सांगू नये. वनस्पतींची परीक्षा होत नाही अशी आपली तक्रार असते. येथे एका वनस्पतीची परीक्षा झालेली आहे. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवरील सहाशेहून अधिक गिरिभ्रमणकर्त्यांवर गिंको या वनस्पतीचा प्रयोग झाला व तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. गिंको निष्प्रभ ठरली. ॲसिटाझोलामाइड उपयोगी ठरले. ज्याला या औषधाची गरज वाटते, त्याला सल्फाची ॲलर्जी विचारून औषधशास्त्रातील तज्ज्ञाकडे पाठवावे, हे उत्तम.

मग आयुर्वेदाकडे सांगण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि ते बाटलीतले नाही. सवयीचे सोडताना व नवे धरताना पादांशिक क्रमाने जावे, हा उपदेश चरक व वाग्भट या दोघांनीही केला आहे. ऋतुसंधीच्या चौदा दिवसांत जुना विधी हळूहळू सोडून नवा हळूहळू धरण्यास अष्टांगहृदय सांगते. देशांतरासही हेच लागू नाही काय? आपला आनूप देश सोडून मनुष्य अत्यंत रूक्ष, शीत व विरळ हवेच्या देशी जातो. ते सात्म्य व्हावयास दिवस लागणारच. आजचे गिरिवैद्यक हाच क्रम आकड्यांत मांडते : विमानाने लेहला उतरल्यावर निदान ४८ तास विश्रांती, ३००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. ग्रंथांत या विकाराचे नाव शोधून प्राणवहस्रोतसाच्या एखाद्या सूत्रास तो ओढूनताणून बसविण्यापेक्षा हा क्रम रुग्णाच्या गळी उतरविणे अधिक शास्त्रीय होय.

आता दाखल्याविषयी. १९६१ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली आपली नोंदणी आहे. आपल्या सहीस किंमत आहे, म्हणूनच लोक ती मागतात. कैलास-मानससरोवर यात्रेच्या इच्छुकांची दिल्लीत तपासणी होते आणि लिपुलेखच्या मार्गाने जाणाऱ्यांची गुंजी येथे पुन्हा. अमरनाथसाठी तर नेमून दिलेल्या वैद्यकांचाच दाखला चालतो. शासन एवढे करीत असता आपण रक्तदाबही न मोजता ‘प्रकृती उत्तम’ लिहावे, हे योग्य नव्हे. हृद्रोग, श्वास, प्रमेह, गर्भावस्था, पांडुता आणि पूर्वी उंचीवर त्रास झाला होता काय, एवढे विचारल्याविना सही करू नये. पांडुता आम्ही मुद्दाम लिहिली. ज्या भगिनी घरी हिमोग्लोबिन आठ-नऊवर निभावतात, त्यांना केदारनाथच्या ३५८३ मीटरवर हेलिकॉप्टरने काही मिनिटांत नेऊन सोडणे किती घातक, याचा विचार कुटुंबातील कोणी केलेला नसतो. तो आपणच करावयाचा असतो.

आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या रुग्णाची नव्हे. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती. २०२२ साली तेथे पाच लाखांहून अधिक पर्यटक गेले. लेहचे सोनम नुरबू रुग्णालय हे दूरदूरच्या खेड्यांचे आधारस्थान. घाईने चढलेला पर्यटक तेथे प्राणवायूची खाट अडवितो, तेव्हा ती एखाद्या दुर्गम गावातून आलेल्या बाळंतिणीच्या वा वृद्धाच्या वाट्याची असू शकते. अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या आरोग्य सांभाळले ते सोवा-रिग्पाच्या वैद्यांनी. त्यांना तेथे ‘आम्ची’ म्हणतात. मराठी कानास हा शब्द किती जवळचा वाटतो! नाते केवळ ध्वनीचे नाही. अकराव्या शतकात रिन्चेन झांगपो यांच्या काळी अष्टांगहृदय तिबेटी भाषेत गेले, आणि वाग्भट तेथेही गुरुस्थानी आहेत. सोवा-रिग्पास २०१० साली कायद्याने मान्यता मिळाली; आज ती पद्धती व आपण एकाच राष्ट्रीय आयोगाखाली आहोत. तरीही आपल्या परिसंवादांत आम्चींना आपण क्वचितच बोलावतो. उंचीवर जन्म काढलेल्या या वैद्यांकडून तेथील आहार, थंडी व थकवा यांविषयी शिकण्यासारखे पुष्कळ असावे.

आमची कार्यकारिणीस विनंती आहे की, येत्या मे महिन्यापूर्वी एक पानाचे तपासणीपत्रक छापून सर्व सभासदांस व औषधालयांस पाठवावे. पुढील बाजूस दाखल्यापूर्वीचे प्रश्न आणि मागील बाजूस प्रवाशाने खिशात ठेवण्याजोग्या, मालवणीत लिहिलेल्या सूचना असाव्यात; त्यांतील पहिली ओळ ‘वर गेल्यार डोक्या दुखला तर ता पित्त न्हय’ अशी ठेवावी. मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत.