गणेशखिंडीच्या गाडीखान्यासाठी पुणेकरांस आवाहन



गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत १८६४ साली जिचे बांधकाम सुरू झाले, १८७१ पर्यंत जी पुरी झाली आणि १९४९ साली जी नव्याने स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या स्वाधीन झाली, त्या गणेशखिंडीच्या भव्य वास्तूचे कौतुक आपण सर्वांनी केले आहे. परंतु पावसाळ्याच्या मुक्कामासाठी लाटसाहेबांची स्वारी येथे येऊ लागली, त्या काळी मोटार नव्हती. आणि घोडे, बग्ग्या, कोचमन, मोतद्दार व नालबंद यांच्यावाचून त्या प्रासादातील एकही दरबार वा मेजवानी पार पडणे शक्य नव्हते. दिवाणखान्यांचा इतिहास लिहिला जातो, छायाचित्रे निघतात. गाडीखान्यात आणि तबेल्यात ज्यांनी आयुष्ये वेचली त्यांची नावेदेखील कोणी विचारीत नाही, ही गोष्ट विद्येच्या माहेरघराला शोभणारी नाही.

जुना गाडीखाना ओळखण्यास फारसे पांडित्य लागत नाही. जोडीची बग्गी सहज आत जावी एवढी रुंद कमान, चाकाच्या तुंब्याचा धक्का भिंतीस लागू नये म्हणून कोपऱ्याशी पुरलेला दगड, धुण्याचे पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेली फरसबंदी, घोडे बांधण्याच्या लोखंडी कड्या आणि साज टांगण्याच्या खुंट्या, एवढ्या खुणा पुरेशा असतात. मात्र अशा इमारतीत पुढे कोठार होते, मग अडगळ साचते आणि अखेर ‘निरुपयोगी बांधकाम’ असा शेरा मारून ती पाडली जाते.

या आवाराच्या इतिहासात बग्गीचे स्थान किती मोठे आहे, हे पुणेकरांस निराळे सांगावयास नको. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून पाहुण्यांच्या गाड्या येथूनच बाहेर पडल्या. दामोदर चापेकरांनी प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या बग्गीवर मागून चढून, पडदा उचलून गोळी झाडली आणि पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या बग्गीत लष्करी अधिकारी आयर्स्ट ठार झाला. हा प्रसंग समजून घ्यावयाचा तर त्या गाड्यांची घडण, त्यांची रांग आणि त्यांचा रस्ता हेही समजून घेतले पाहिजेत.

अशा वास्तूंचा उपयोग होऊ शकतो, याला दाखलाही आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात शेल्बर्न येथे, वेब कुटुंबाच्या पूर्वीच्या विस्तीर्ण जमीनजुमल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला गाडीखाना आज सभा, प्रदर्शने आणि शिक्षण यांसाठी वापरात आहे. जे तेथे साधले, ते येथे साधू नये असे काही नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, ज्यांचे आजे-पणजे गणेशखिंडीत कोचमन, मोतद्दार, माळी वा शिपाई म्हणून चाकरीस होते, त्यांनी घरातील जुनी छायाचित्रे, चाकरीचे दाखले आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी जपून ठेवाव्यात व त्यांच्या प्रती विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाने अथवा भारत इतिहास संशोधक मंडळाने स्वीकाराव्यात, अशी विनंती त्या संस्थांस करावी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पुण्याच्या व मुंबईच्या सरकारी दफ्तरखान्यांतील बांधकाम खात्याचे कागद तपासावेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी या आवारात व शहरातील जुन्या बंगल्यांत जेथे जेथे गाडीखान्याची वा तबेल्याची भिंत उभी असेल, तिची मोजणी करून नकाशे काढावेत. आणि ज्यांच्या ताब्यात अशी इमारत आहे, त्या मालकांनी व अधिकाऱ्यांनी मोजणी, छायाचित्रे आणि जाणकारांचा अभिप्राय यांवाचून तिच्या एकाही दगडास हात लावू नये.

ज्या श्रमांवर तो प्रासाद चालला, त्या श्रमांची नोंद ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. हे कार्य फार खर्चाचे नाही, पण विलंब मात्र त्याला परवडणारा नाही. तरी प्रत्येकाने आपल्या घरापासून, आजच आरंभ करावा, ही आग्रहाची प्रार्थना.

आपला नम्र,
एक पुणेकर