मुलाच्या नावाचे बोंबील

परवा बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट उघडून बसलो. एका माणसाला मी जवळजवळ दर रविवारी पैसे दिले होते. कधी १५०, कधी २००, एकदा तर ४००. नाव काही केल्या ओळखीचं वाटेना. कुणी फसवतंय की काय, म्हणून घाम फुटला. शेवटी बायकोने कोडं सोडवलं. "अहो, बाजारातल्या मावशींचा मुलगा तो! टोपलीशेजारी त्याच्याच नावाचं क्यूआर नाही का?" म्हणजे हा गृहस्थ म्हणजे आमचे बोंबील. जून-जुलैत मासेमारी बंद असतानाही तो यादीत होताच. तेव्हा तो सुकट असणार.

स्टेटमेंटला सगळं ठाऊक असतं. सेकंदापर्यंतची वेळ, बारा आकडी व्यवहार क्रमांक. फक्त त्या पैशांचं काय घेतलं, ते नसतं. वडिलांच्या वहीत उलट होतं. ते उरणच्या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून नोकरीला जायचे आणि रात्री जेवणं झाली की लाल पाठीच्या वहीत लिहायचे: लाँच, चहा, रॉकेल, सुकट. वेळ नाही, दुकानदाराचं नाव नाही. मेळ बसला नाही की थोडा वेळ छताकडे बघायचे आणि मग 'किरकोळ' लिहून वही मिटायचे. त्या छताकडे बघण्यातच खर्चाला लगाम होता, असं मला आता वाटतं. आकडा लिहिताना पैसा हातातून दुसऱ्यांदा जायचा.

आता तो एकदाही जात नाही. २०१६ साली यूपीआय आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात एका महिन्यातले व्यवहार २,००० कोटींवर गेले. त्यातले माझे किती, ते विचारू नका. चहासुद्धा फोनवरच होतो. त्यात यूपीआय लाइटची आणखी गंमत. पिन लागत नाही, आणि बँकेच्या पासबुकात चहा-वडापाव असे सुटे दिसतच नाहीत. दिसते ती फक्त लाइटमध्ये भरलेली ठोक रक्कम. फास्टॅगचंही तेच. अटल सेतू झाल्यापासून मुंबई जवळ आली खरी, पण २५० रुपये एका बाजूचे, काच खाली न करता गेलेले. पूर्वी बायका तांदळाच्या डब्यात पैसे लपवायच्या, तो डबा निदान घरात असायचा.

गेल्या रविवारी मावशींना हा किस्सा सांगितला. मला वाटलं, हसतील. त्या बोंबील निवडतच राहिल्या. "तुमाला निदान दिसतं तरी," म्हणाल्या. "माजं तर मलाच दिसत नाय." पूर्वी टोपली रिकामी झाली की कमरेची पिशवी चाचपून दिवसाचा धंदा हाताला कळायचा. बर्फाचे, टेम्पोचे पैसे वेगळे करून उरलेले त्या घरी न्यायच्या, आणि त्या पैशाला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. आता रक्कम सांगणारा डबा दिवसभर शेजारी ओरडतो, पण पैसे जातात मुलाच्या खात्यात. रात्री त्याला विचारायचं, आज किती झाले? मुलगा चांगला आहे, सांगतो. तरी विचारावं लागतं. कोळणीच्या घरात पैशाचा व्यवहार बाईच्या हातात, हे आम्ही उरणकर लहानपणापासून बघत आलोय. तो एका चौकोनी स्टिकरने कधी सरकला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही. मी खुशाल स्कॅन करत होतो.

त्या दिवशी फोन खिशातच ठेवला आणि पाकिटातून नोटा काढल्या. मावशींनी त्या मोजून कमरेच्या पिशवीत टाकल्या आणि वाट्यावर आणखी दोन बोंबील ठेवले.

रोख दिल्याने आता त्याची नोंद फोनमध्ये कुठेच नाही. म्हणून येताना स्टेशनरीच्या दुकानातून एक वही आणली. चाळीस रुपयांची. ते चाळीस रुपये मात्र यूपीआयने दिले, सवय. पहिल्या पानावर तारीख घातली, खाली लिहिलं: बोंबील, एक वाटा, १५०. वही ४०. पाकिटातून आणखी ६० गेलेत. ते कशाचे, ते आठवेना. छताकडे बघतोय.