ब्रूस लीचा राहून गेलेला सिनेमा

ब्रूस ली म्हटलं की आपली गाडी ‘एंटर द ड्रॅगन’पाशीच अडते. पण ‘द सायलेंट फ्लूट’ हा त्याच्या मनातला सिनेमा होता. लोकेशन्स शोधायला १९७१मध्ये तो चक्क भारतात येऊन गेला! १९७३मध्ये तो गेला. मग डेव्हिड कॅराडाइनला घेऊन १९७८मध्ये तोच सिनेमा ‘सर्कल ऑफ आयर्न’ नावानं आला, आणि विसरला गेला. फायटिंग यथातथाच, मान्य. पण त्यातला आंधळा बासरीवाला गरीब नावाड्याची होडी फोडतो तेव्हा नायकासोबत आपणही जाम भडकतो. कारण नंतर कळतं: ती लुटारूंच्या हाती पडणार होती. आपला राग मात्र लगेच उतरत नाही. असं डोकं खाणारी हाणामारी आत्ताच्या ॲक्शनपटांत दाखवा बरं!