पोराला उचलून नेलं, तर आधी तारीख-वेळ लिहून ठेवा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने काही तासांत जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. गदारोळ झाला, चौकशी समिती बसली, आणि ऑक्टोबरात राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना घरी पाठवलं. तिथे कॅमेरे होते. आपल्या कासारवाडीतल्या पोराला मोबाईलचोरीच्या संशयावरून चौकीत नेतात, तेव्हा कोणी येत नाही. म्हणून देखरेख कोणाची, हे आपल्यालाच माहीत हवं.

२००० च्या बाल न्याय कायद्यात देखरेखीसाठी राज्यापासून शहरापर्यंत सल्लागार मंडळांची तरतूद होती. २०१५ च्या कायद्याने अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्याचं काम बाल हक्क संरक्षण आयोगाकडे दिलं. आपला राज्य आयोग मुंबईत आहे. तो अधिकाऱ्यांना समन्स काढतो, कागद मागवतो, बालगृहं तपासतो. शेवटी मात्र शिफारसच करतो. ‘मग उपयोग काय?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. शिफारस कागदावर आली की सरकारला तिच्यावर काय केलं ते सांगावं लागतं, आणि आयोगाला स्वतः उच्च न्यायालयातही जाता येतं. पण कासारवाडीच्या चौकीत रात्री काय घडलं, हे मुंबईत आपोआप कळत नाही. ते आपण लिहून कळवायचं.

अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावंच लागतं. आई-बापाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. रात्री फोन आला तर घाबरून एखाद्या ओळखीच्या पुढाऱ्याच्या मागे धावू नका. आधी वयाचा पुरावा पिशवीत घाला: शाळेकडचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, तेही नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. याच कागदावर पोरगा मोठ्यांच्या तुरुंगात जाणार की नाही, हे ठरतं. वकिलाला पैसे नसतील तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, वकील फुकट मिळतो.

सोसायटीच्या, वस्तीच्या ग्रुपवर त्या पोराचा फोटो टाकणाऱ्यांनाही हात जोडून सांगते. असं नाव-फोटो पसरवणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि उद्या तो पोरगा कंपनीत कामाला गेला, तर तोच फोटो त्याच्या आधी गेटवर पोचलेला असेल.

पकडलेल्या मुलांना ठेवतात त्या गृहांची पाहणी सरकारने नेमलेल्या तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा करायची असते. तुमचा मुलगा तिथे असेल तर भेटीत त्याला विचारा: पोटभर मिळतं का, मारतात का, समिती कधी आली होती? उत्तरं घरी आल्यावर वहीत उतरवा.

तक्रार साध्या मराठीत चालते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठून नेलं, कुठल्या चौकीत ठेवलं, मंडळापुढे कधी उभं केलं, एवढं लिहा. एक प्रत आयोगाला, एक मंडळाला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.